आरसा गेला, अंतर राहिलं

निकॉनच्या दोन लेन्सची मापं शेजारीशेजारी मांडून पाहा. दोन्ही २० मिलिमीटरच्या, दोन्हींचं अ‍ॅपर्चर एफ/१.८. पहिली २०१४ ची, आरशाच्या एसएलआर कॅमेऱ्यांसाठी केलेली. लांबी ८०.५ मिलिमीटर, वजन ३५५ ग्रॅम. दुसरी २०२० ची, बिनआरशाच्या झेड कॅमेऱ्यांसाठी. लांबी १०८.५ मिलिमीटर, वजन ५०५ ग्रॅम. मिररलेस कॅमेरे आले तेव्हा जाहिरातींपासून दुकानदारांपर्यंत सगळे एकच सांगत होते : आरसा गेला, कॅमेरा सडपातळ झाला, आता लेन्सही आटोपशीर होणार. इथे तर उलटंच झालेलं दिसतं.

आता एक बेरीज करू. लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते त्या धातूच्या कड्यापासून, म्हणजे माउंटपासून, सेन्सरपर्यंतच्या अंतराला फ्लँज अंतर म्हणतात. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिलिमीटर होतं, झेडमध्ये १६ आहे. हे अंतर लेन्सच्या लांबीत मिळवलं, की लेन्सच्या पुढच्या टोकापासून सेन्सरपर्यंतची लांबी कळते. जुन्या जोडीत ती १२७ मिलिमीटर येते आणि नव्या जोडीत १२४.५. कॅमेऱ्यातून साडेतीस मिलिमीटर कापले आणि त्यातले अठ्ठावीस लेन्सने परत वसूल केले. प्रत्येक लेन्सचा हिशेब इतका चोख जुळत नाही, हे खरं. पण चांगल्या वाइड अँगल लेन्सच्या बाबतीत कल हाच आहे. आरसा नसताना त्याची जागा लेन्सने का अडवून ठेवावी? याचं उत्तर शोधायचं तर शंभरेक वर्षं मागे जायला हवं, कारण हे अंतर एकदा एका कारणासाठी वाढलं आणि टिकून राहिलं मात्र दुसऱ्याच कारणासाठी.

फिल्मला कोनाचं सोयरसुतक नव्हतं

जर्मनीतल्या वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बार्नाकने सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म आडवी चालवली आणि सिनेमाच्या दोन चौकटींच्या जागेत एक चौकट बसवली. २४ बाय ३६ मिलिमीटर हे माप तिथून आलं. आज आपण ज्याला ‘फुल फ्रेम’ म्हणतो तो सेन्सर याच मापाचा. बार्नाकचा लायका १९२५ च्या लाइपझिग जत्रेत लोकांपुढे आला. त्याची लेन्स पक्की बसवलेली होती. १९३० मध्ये लेन्स बदलता येणारा लायका निघाला, पण सुरुवातीला प्रत्येक लेन्स त्या त्या कॅमेऱ्याला जुळवून द्यावी लागे, कारण कड्यापासून फिल्मपर्यंतचं अंतर दर कॅमेऱ्यात उन्नीसबीस असायचं. पुढच्याच वर्षी हे अंतर २८.८ मिलिमीटर असं कायम करण्यात आलं. त्या काळातल्या अशा प्रमाणित कॅमेऱ्याच्या कड्यावर बारीकसा ‘०’ कोरलेला दिसतो. कुठलीही लेन्स घ्या आणि या कॅमेऱ्याला लावा, असा त्याचा अर्थ. १९५४ मध्ये आटे फिरवण्याऐवजी खटक्यानं बसणारं एम माउंट आलं, तेव्हा अंतर २७.८ ठेवलं. बरोबर एक मिलिमीटर कमी. त्या एका मिलिमीटरच्या जागेत एक बारीक कडं बसवलं, की जुन्या आट्यांच्या लेन्सही नव्या कॅमेऱ्यावर चालत.

लायका हा रेंजफाइंडर जातीचा कॅमेरा. बघायची खिडकी वेगळी, फोटो काढायची लेन्स वेगळी. लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये शटरचा पडदा सोडला तर काहीही नाही. वाइड अँगल लेन्स घडवणाऱ्यांना ही मोकळी जागा म्हणजे आंदणच होतं. लुडविग बर्टेलेने झाइससाठी आखलेली २१ मिलिमीटरची बायोगॉन १९५४ मध्ये कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी आली. तिची रचना जवळजवळ सममित. मधल्या छिद्राच्या पुढे जशा काचा, साधारण तशाच मागे. पुढच्या भागाने सरळ रेषा जेवढी वाकवावी, तेवढीच मागच्याने उलटी वाकवून ती सरळ करावी. इमारतींचे कोपरे काटकोनात राहत आणि तपशील कडेपर्यंत टिकत. अट एकच : मागच्या काचा फिल्मच्या अगदी तोंडाशी जायला हव्यात. त्याच वर्षी हॅसलब्लाडने बायोगॉनसाठी आपल्या कॅमेऱ्यातला आरसाच काढून टाकला आणि सुपर वाइड नावाचा वेगळा कॅमेरा केला. १९६९ मध्ये झाइस इकॉनचा होलोगॉन अल्ट्रावाइड निघाला. १५ मिलिमीटरची लेन्स, फक्त तीन काचा, आणि शेवटच्या काचेपासून फिल्मपर्यंत पाच मिलिमीटरही नाहीत.

याची किंमत नव्हती असं नाही. किरण जितका तिरपा, तितका उजेड पातळ. हा उजेड कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने घटतो. होलोगॉन ११० अंश पाहायची, म्हणजे कोपऱ्यातला किरण ५५ अंशांनी कललेला. हिशेब केला तर कोपऱ्यात मध्याच्या जेमतेम दहावा हिस्सा उजेड पोचतो. म्हणून तिच्यासोबत मधोमध गडद आणि कडेला फिकट होत जाणारा फिल्टर मिळायचा. मध्यभागाचा उजेड कमी करायचा आणि कोपऱ्यांशी बरोबरी साधायची.

मात्र तक्रार होती ती एवढीच. जो काही उजेड कोपऱ्यात पोचे, तो फिल्म विनातक्रार टिपून घ्यायची. फिल्मवरचा थर म्हणजे जिलेटिनमध्ये विखुरलेले चांदीच्या क्षारांचे कण. किरण सरळ येवो की आडवा, कणाला धडकला की काम झालं. त्यामुळे फिल्मच्या जमान्यात लेन्स मागे किती आहे यावर चर्चा होई ती उजेडाच्या समतोलापुरती. किरण कोणत्या कोनात टेकतो, हा प्रश्न फिल्मला कधी पडलाच नाही.

आरशाने घातलेला खोडा

१९३६ मध्ये ड्रेसडेनच्या इहागे कंपनीचा किने एक्झाक्टा आला. ३५ मिलिमीटर फिल्मवरचा हा सुरुवातीचा एसएलआर. लेन्समधून येणारं चित्रच फोटोग्राफरला दिसावं, यासाठी लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये ४५ अंशांत एक आरसा. बटण दाबलं की आरसा वर उचलला जायचा आणि प्रकाश फिल्मवर पडायचा. २४ मिलिमीटर उंचीची चौकट दाखवायची तर तिरपा आरसा जवळपास ३४ मिलिमीटर लांब हवा, आणि तो कशालाही न धडकता वर जायला हवा. साहजिकच लेन्सला मागे सरकावं लागलं. एक्झाक्टाचं फ्लँज अंतर ४४.७ मिलिमीटर. पुढे १९४९ च्या कॉन्टॅक्स एसपासून रूढ झालेल्या एम ४२ आट्यांचं ४५.४६, १९५९ च्या निकॉन एफचं ४६.५, १९८७ च्या कॅनन ईएफचं ४४. देश वेगळे, कंपन्या वेगळ्या, पण आकडे एकाच पट्ट्यात. ते तिथे आले ते आरशाच्या झोक्यामुळे. प्रकाशशास्त्राने असं काही मागितलं नव्हतं.

५० किंवा १०० मिलिमीटरच्या लेन्सला याचं काही वाटलं नाही. गोची झाली वाइड अँगलची. २१ मिलिमीटरची सममित लेन्स फिल्मजवळ जायला हटून बसलेली आणि वाटेत आरसा. निकॉनने १९५९ मध्ये एफसाठी २१ मिलिमीटर एफ/४ निक्कोर काढली, ती अशीच सममित होती. ती लावण्याआधी आरसा वर करून अडकवून ठेवावा लागे आणि बघण्यासाठी कॅमेऱ्याच्या डोक्यावर वेगळी खिडकी बसवावी लागे. एसएलआर घेऊन त्याचा एसएलआरपणाच काढून टाकायचा, असा तो उपाय होता.

खरा उपाय फोटोग्राफीच्या शेजारघरात आधीच सापडला होता. टेक्निकलरच्या रंगीत सिनेमाच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे प्रकाश विभागणारा लोलक बसायचा, म्हणून लेन्स फिल्मपासून लांब हवी होती. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या टेलर हॉब्सन कंपनीतल्या एच. डब्ल्यू. ली यांनी १९३१ मध्ये टेलिफोटोची रचना उलटी करून पाहिली. पुढे मोठी अपसारी काच आणि मागे अभिसारी काचांचा संच. पुढची काच किरणांना आधी फाकवते आणि मागचा संच त्यांना सावरून लांबवर जुळवतो. त्यामुळे शेवटच्या काचेपासून चित्रापर्यंतचं अंतर नाभीय अंतरापेक्षाही, म्हणजे लेन्सच्या नावातल्या मिलिमीटरपेक्षाही, जास्त ठेवता येतं. १९५० मध्ये फ्रान्सच्या पिएर आंजेन्यूने हीच कल्पना एसएलआरसाठी वापरून ३५ मिलिमीटर एफ/२.५ लेन्स आणली आणि तिला ‘रेट्रोफोकस’ असं व्यापारी नाव दिलं. ते नाव पुढे या सगळ्या जातीलाच चिकटलं.

रेट्रोफोकस लेन्स अंगापिंडाने थोराड. पुढची काच फुगीर, काचांची संख्या जास्त, समोर सूर्य आला की चमक जास्त, आणि सममिती मोडल्यामुळे सरळ रेषा वाकायच्या. रेंजफाइंडरवाले बायोगॉन दाखवून एसएलआरवाल्यांना कितीतरी वर्षं खिजवत राहिले. त्यात तथ्यही होतं. पण या अवजड रचनेबरोबर आणखी एक गोष्ट नकळत घडली होती, आणि तिचा उपयोग तेव्हा कुणालाच नव्हता.

ही गोष्ट डोळ्यांनी पाहता येते. घरी एसएलआरची जुनी वाइड अँगल लेन्स असेल तर ती कॅमेऱ्यातून काढा, खिडकीकडे तोंड करून धरा आणि मागच्या बाजूने, हातभर लांबून आत पाहा. एक उजळ गोल चकती दिसेल. ती चकती काचेवर चिकटलेली नसते. डोकं जरा डावीउजवीकडे हलवलं की कळतं, ती आत कुठेतरी खोलवर तरंगते आहे. मधल्या छिद्राचं मागच्या काचांमधून दिसणारं हे प्रतिबिंब म्हणजे एक्झिट प्युपिल. सेन्सरच्या दृष्टीने सगळा प्रकाश या चकतीतूनच येतो. आता रेंजफाइंडरची २१ मिलिमीटरची जुनी लेन्स हातात घ्या. श्नायडरची सुपर अँग्युलॉन एफ/३.४ घेतली, तर तिचा मागचा भाग कड्यापलीकडे नळीसारखा बाहेर आलेला असतो. लायका एम ६ मध्ये ती बसवली की तिच्यामुळे प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा डोळाच झाकला जातो. हिच्यातली चकती मागच्या काचेच्या जवळ, म्हणजे फिल्मच्याही जवळ.

किरणांचा कोन ठरतो तो या चकतीच्या अंतरावर. फुल फ्रेमचा कोपरा मध्यापासून २१.६ मिलिमीटर लांब असतो. चकती २० मिलिमीटरवर असेल तर कोपऱ्यातला किरण ४७ अंशांनी कललेला. ३० वर असेल तर ३६ अंश, ६० वर २०, आणि १०० मिलिमीटरवर फक्त १२ अंश. फ्लँज अंतर एवढंच सांगतं, की काच किती जवळ येऊ शकते. चकती कुठे ठेवायची हे लेन्स आखणारा ठरवतो. आरशाने काच मागे ढकलली आणि रेट्रोफोकसच्या रचनेने चकतीही लांब नेली. एसएलआरच्या कोपऱ्यात पोचणारे किरण बरेच सरळ झाले. फिल्मला त्याचं अप्रूप नव्हतं. ज्याला असणार होतं, तो अजून जन्माला यायचा होता.

विहिरीत पडणारं ऊन

१९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या सेन्सरची कल्पना मांडली. त्यासाठी दोघांना २००९ चं नोबेल मिळालं. १९७६ मध्ये कोडॅकच्या ब्राइस बेयर यांना लाल, हिरव्या आणि निळ्या चौकोनांच्या जाळीचं पेटंट मिळालं. सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर एकेका रंगाची काच. १९८३ मध्ये जपानी अभियंत्यांनी प्रत्येक पिक्सेलच्या डोक्यावर राळेची एक इवलीशी लेन्स बसवून दाखवली. पिक्सेलचा सगळा पृष्ठभाग प्रकाश टिपत नाही, बराचसा भाग तारा आणि इतर मांडणी खाते. मायक्रोलेन्स तो वाया जाणारा उजेड गोळा करून मधल्या संवेदनशील भागावर सोडते.

या तिन्ही गोष्टी एकावर एक रचल्या की पिक्सेल उथळ राहत नाही. वर मायक्रोलेन्स, तिच्याखाली रंगाची काच, मग सीएमओएस जातीच्या सेन्सरमध्ये धातूच्या तारांचे काही थर, आणि तळाशी प्रकाश टिपणारा फोटोडायोड. ही एक विहीरच झाली. ऊन डोक्यावर असलं की तळ उजळतो, कललं की कठड्याच्या सावलीत जातो.

तिरप्या किरणाने इथे तीन वेगवेगळे उपद्रव होतात. पहिला उजेडाचा. किरण भिंतीवर आपटतो आणि तळापर्यंत पोचत नाही. कोसाइनची घट आहेच, तिच्यावर ही आणखी घट. दुसरा रंगाचा. लाल काचेतून शिरलेला किरण शेजारच्या हिरव्या पिक्सेलच्या डायोडवर जाऊन पडतो आणि कॅमेरा त्याला हिरव्याच्या खात्यात जमा करतो. तिसरा सेन्सरसमोरच्या काचेचा. अवरक्त प्रकाश अडवण्यासाठी आणि सेन्सरच्या रक्षणासाठी समोर काचेचे थर असतात, बऱ्याच कॅमेऱ्यांत मिळून साधारण दोन मिलिमीटर जाड. एवढ्या काचेमुळे सरळ येणाऱ्या किरणांचा फोकस साधारण ०.७ मिलिमीटर मागे सरकतो. ४५ अंशांनी येणाऱ्यांचा मात्र ०.९५ च्या आसपास. मध्य जुळवला की कडा फुटतात. फिल्मसाठी आखलेल्या लेन्सच्या हिशेबात ही काच नव्हतीच.

लेन्सचं तोंड मोठं असेल तर मधल्या पिक्सेललाही हे भोगावं लागतं. एफ/१.४ च्या लेन्समधून मध्यभागी येणाऱ्या प्रकाशाच्या शंकूच्या कडा वीसेक अंशांनी कललेल्या असतात. २०१० मध्ये कॅमेरे आणि लेन्स तपासणाऱ्या डीएक्सओ कंपनीच्या मोजमापांवरून ही चर्चा उघड्यावर आली. मोठ्या अ‍ॅपर्चरवर सेन्सर काही उजेड गमावतो आणि काही कॅमेरे तो तोटा गुपचूप सिग्नल वाढवून भरून काढतात, असं त्यात दिसलं.

डिजिटल एसएलआरच्या पहिल्या पिढीला यातलं फारसं काही जाणवलं नाही. १९९१ चा कोडॅक डीसीएस निकॉन एफ ३ च्या धडावर बांधलेला होता. १९९९ च्या निकॉन डी १ मध्येही फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर होता. जुन्या लेन्सचा फक्त मधला भाग वापरला जायचा, म्हणजे कोन आपोआप सौम्य. त्यातून जे उरे ते आरशाच्या अंतराने सांभाळलं. १९३६ पासून वाइड अँगलवाले ज्या अंतराला शिव्या घालत होते, ते पन्नास-साठ वर्षांनी सेन्सरच्या कामी आलं. २००२ मध्ये कॉन्टॅक्स एन डिजिटल आणि कॅनन १ डीएस हे फुल फ्रेम कॅमेरे निघू शकले, त्यात या अंतराचा वाटा मोठा.

ऑलिम्पसने मात्र हा योगायोगाचा आधार पुरेसा मानला नाही. कोडॅकसोबत आखलेल्या फोर थर्ड्स पद्धतीचा पहिला कॅमेरा, ई-१, २००३ मध्ये आला. सेन्सर १७.३ बाय १३ मिलिमीटरचा आणि त्याच्या मानाने फ्लँज अंतर ऐसपैस, ३८.६७ मिलिमीटर. माउंटचा व्यास प्रतिमेच्या वर्तुळाच्या जवळपास दुप्पट. किरण सेन्सरवर होता होईल तो सरळ उतरवायचे, हे धोरण ऑलिम्पसने जाहीरपणे मांडलं. कॅमेरा-लेन्स जोडीची आखणी करताना किरणाचा कोन इतक्या ठळकपणे पहिल्या पानावर क्वचितच आला होता. आणि त्याच ऑलिम्पसने पॅनासॉनिकबरोबर पाच वर्षांनी, २००८ मध्ये, आरसा काढून अंतर निम्म्यावर, १९.२५ मिलिमीटरवर आणलं. सेन्सर तेवढाच ठेवला. तोवर सेन्सरही सुधारले होते, आणि पूर्ण सरळ किरणांचा हट्ट धरण्याची गरज उरली नव्हती.

जुन्या कड्यात नवा सेन्सर

खरी परीक्षा होती ती लायकाची. १९५४ पासूनच्या सगळ्या एम लेन्स चालल्या पाहिजेत, ही त्यांची ओळख आणि तीच त्यांची अडचण. एपसनच्या आर-डी १ ने २००४ मध्ये एम माउंटमागे सहा मेगापिक्सेलचा छोटा सेन्सर बसवून वाट दाखवली. २००६ च्या लायका एम ८ मध्ये १८ बाय २७ मिलिमीटरचा कोडॅकचा सीसीडी होता. त्यातल्या मायक्रोलेन्स एकसारख्या बसवलेल्या नव्हत्या. मध्यापासून जसजसं कडेला जावं तसतशी प्रत्येक मायक्रोलेन्स आपल्या पिक्सेलच्या डोक्यावरून थोडी मध्याकडे सरकवलेली, म्हणजे तिरपा किरणही नेमका तळावर पडावा. सेन्सरसमोरच्या काचेची जाडी अर्ध्या मिलिमीटरवर आणली.

काच बारीक झाली आणि अवरक्त प्रकाश आत येऊ लागला. काळे कृत्रिम धाग्यांचे कपडे फोटोत जांभळट दिसू लागले. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांसाठी ही आफतच होती. लायकाने प्रत्येक ग्राहकाला लेन्सपुढे लावायचे दोन फिल्टर फुकट दिले. ते फिल्टर पातळ थरांच्या व्यतिकरणावर चालणारे होते आणि त्यांचाही परिणाम कोनानुसार बदलतो. किरण तिरपा झाला की अडवला जाणारा पट्टा सरकतो आणि लाल रंगही कापला जातो. त्यामुळे वाइड लेन्सवर कोपरे निळसर. मग त्यासाठी लेन्सच्या मागच्या कड्यावर काळ्या-पांढऱ्या सहा ठिपक्यांची खूण. कॅमेरा ती वाचून कोणती लेन्स आहे हे ओळखतो आणि कोपऱ्यांचा रंग सुधारतो. एका तिरप्या किरणापायी काच, फिल्टर, ठिपके आणि सॉफ्टवेअर असं सगळं लटांबर उभं राहिलं.

२००९ च्या एम ९ मध्ये २४ बाय ३६ चा पूर्ण सेन्सर आला. काच ०.८ मिलिमीटर. या काचेने पुढे वेगळाच त्रास दिला. एवढ्या पातळ थरात अवरक्त अडवणारी खास काच दमटपणापुढे टिकेना आणि काही सेन्सरवर पांढरट डाग उमटू लागले. कंपनीने २०१४ मध्ये हे मान्य करून सेन्सर बदलून दिले. कोनाचा प्रश्नही पुरता सुटला नव्हता. जुन्या २१ मिलिमीटर लेन्सने पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला की एक कड लालसर, दुसरी हिरवट. पिक्सेलची आतली मांडणी डावीउजवीकडे सारखी नसते, म्हणून दोन कडांचे रंगही वेगळे. हौशी मंडळींनी याला ‘इटालियन झेंडा’ म्हणायला सुरुवात केली.

हा झेंडा पुढे अनेकांच्या घरी फडकला. २०१० मध्ये सोनीच्या एनईएक्स कॅमेऱ्यांनी १८ मिलिमीटरचं ई माउंट आणलं आणि २०१३ मध्ये ए ७ व ए ७ आर यांनी त्याच माउंटमागे फुल फ्रेम सेन्सर बसवला. अंतर इतकं कमी, की मधे अ‍ॅडॉप्टर घालून जगातली जवळजवळ कुठलीही जुनी लेन्स लावता येऊ लागली. एसएलआरच्या लेन्स छान चालल्या. रेंजफाइंडरच्या ५० मिलिमीटरच्याही चालल्या. पण २१ आणि १५ मिलिमीटरच्या सममित लेन्स लावल्या की कोपरे काळवंडलेले, जांभळट आणि फुटलेले. गंमत अशी, की फ्लँज अंतराच्या हिशेबाने या कॅमेऱ्यांवर कशालाच मनाई नव्हती. अडलं ते चकतीच्या अंतरावर आणि काचेच्या जाडीवर.

जपानच्या कोसिना कंपनीने काढलेल्या फोइग्टलेंडर १५ मिलिमीटर एफ/४.५ हेलियारमध्ये हा सगळा इतिहास एका लेन्सच्या तीन जन्मांत वाचता येतो. पहिली १९९९ ची, फिल्मसाठी. आठ काचा, वजन १०० ग्रॅमच्या आसपास, शर्टाच्या खिशात मावणारी. दुसरी २००९ ची. माउंट बदललं, काचांची रचना तीच. डिजिटलवर तिचे कोपरे रंगत. तिसरी २०१५ ची. नाव तेच, नाभीय अंतर तेच, अ‍ॅपर्चर तेच, पण काचा अकरा आणि वजन अडीचशे ग्रॅमच्या जवळ. अंगावर चढलेला भार गेला तो चकती सेन्सरपासून लांब नेण्यात. ही लेन्स कधी आरशासाठी आखलेलीच नव्हती, तरी तिला शेवटी आरशावाल्यांचाच मार्ग धरावा लागला.

तडजोड कुणी करायची?

दुसऱ्या बाजूने सेन्सरही पुढे येत होता. तारांचे थर प्रकाशाच्या वाटेत आहेत, तर सेन्सर उलटाच करून तारा मागे का घालू नयेत? सोनीने २००९ पासून छोट्या सेन्सरमध्ये हे केलं. २०१० च्या आयफोन ४ मध्ये असाच उलटा सेन्सर होता. २०१५ मध्ये ए ७ आर २ मध्ये तो पहिल्यांदा फुल फ्रेमला आला. विहीर उथळ झाली, तिरप्या किरणांची ससेहोलपट बरीच कमी झाली. समोरची काच मात्र जागेवरच राहिली, म्हणून कोपऱ्यांचा रंग सुधारला तरी जुन्या लेन्सचा रेखीवपणा पूर्ण परतला नाही.

फोनमध्ये किरण तीस अंशांहूनही जास्त तिरपे येतात, तरी तिथे बोंब होत नाही. कारण तिथे लेन्स कायमची बसवलेली. कोणता किरण कुठे, किती कललेला येणार हे आधीच ठाऊक असतं आणि मायक्रोलेन्स त्याच बेताने सरकवतात. सोनीच्या २०१२ च्या आरएक्स १ मध्येही पक्की ३५ मिलिमीटर एफ/२ लेन्स होती. तिच्या मागच्या काचा सेन्सरच्या अगदी जवळ जायच्या आणि फुल फ्रेम असूनही कॅमेरा हातात मावायचा. कोन ही अडचण खरी, पण ती मुख्यतः लेन्स बदलणाऱ्यांची अडचण. ज्या सेन्सरला उद्या कुठली लेन्स लावली जाईल हे माहीत नसतं, त्याला सगळ्यांना चालेल असा मधला बेत ठेवावा लागतो.

२०१८ मध्ये निकॉनने १६ मिलिमीटर अंतर आणि ५५ मिलिमीटर व्यासाचं झेड माउंट आणलं. कॅननने २० मिलिमीटर अंतर आणि ५४ मिलिमीटर व्यासाचं आरएफ. जाहिरातीत अंतरावर भर होता, पण लेन्स आखणाऱ्यांना जास्त हवा होता तो व्यास. सेन्सरजवळ मोठी काच बसवता आली, की किरणांना अगदी शेवटच्या टप्प्यात सरळ करता येतं आणि चकती लांब ठेवता येते. म्हणजे जवळ आलेल्या जागेचा उपयोग बायोगॉनसारखी लेन्स करायला झालाच नाही. काच जवळ आली, चकती लांबच राहिली. सुरुवातीच्या दोन निकॉन लेन्सचं गूढ इथे सुटतं. २०२० ची लेन्स कोपऱ्यात जास्त स्वच्छ आहे आणि त्यासाठी तिने आरशाची जागा स्वतःच्या नळीत भरून घेतली आहे.

दुसरा रस्ताही आहे. कॅननची २०२१ ची १६ मिलिमीटर एफ/२.८ लेन्स १६५ ग्रॅमची. तिचे कोपरे अंधारलेले आणि रेषा बेसुमार वाकलेल्या असतात. कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर सगळं ताणूनतुणून सरळ करतं. ज्याला हलकी पिशवी हवी आहे त्याला हा सौदा परवडतो. कोपऱ्यातली पानं मोजणाऱ्याला परवडत नाही. कॅमेरा घेताना फ्लँज अंतराचा आकडा पाहून लेन्स लहान असेल असा अंदाज बांधण्यापेक्षा हा सौदा कंपनीने कुठे केला आहे हे पाहिलेलं बरं : काचेत, सेन्सरमध्ये की सॉफ्टवेअरमध्ये.

लायकाने तो सेन्सरमध्ये केला. २०२२ च्या एम ११ मध्ये साठ मेगापिक्सेलचा, तारा मागे असलेला सेन्सर आहे. कड्यापासून त्याचं अंतर १९५४ मध्ये ठरलेलं तेच, २७.८ मिलिमीटर. लायकाला आपली जुनी गिऱ्हाइकं सोडायची नव्हती, म्हणून त्यांनी सेन्सर लेन्सच्या दिशेने वाकवला. निकॉनला जुन्या माउंटचं ओझं टाकायचं होतं, म्हणून त्यांनी लेन्स सेन्सरच्या मर्जीने घडवली. किरण सरळ उतरला पाहिजे, ही अट दोघांनाही टळली नाही. ती पुरी करण्याचा खर्च कुणाच्या माथी मारायचा, एवढंच ज्याच्या त्याच्या हातात होतं.